मुंबई आणि कराची : अंतर व अवधी

मुंबई आणि कराची ही एकाच अरबी समुद्राच्या काठची दोन बंदरे. त्यांच्यातील हवाई अंतर सुमारे ८८० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते दिल्लीपेक्षाही कमी. जेट विमानास थेट मार्गाने हा पल्ला गाठण्यास दीड तास पुरतो. परंतु अंतर तेच राहूनही प्रवासाचा अवधी कसा पालटत गेला, याचा थोडक्यात मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

१८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्यामुळे नोकरीधंद्यासाठी कराचीस जाणे हे परदेशगमन नव्हते. कराचीतील जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. आगबोटीने गेलेली अनेक गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबे तेथे स्थिरावली. १८८१ मध्ये उभे राहिलेले तेथील सेंट पॅट्रिक कॅथेड्रल या कुटुंबांच्या भक्तिजीवनाचे केंद्र बनले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एक इंजिनाचे छोटे ‘पस मॉथ’ विमान घेऊन कराचीहून निघाले. लंडनहून आलेली टपाल त्यांच्यासोबत होती. अहमदाबादेस इंधन भरून ते त्याच दुपारी जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल मद्रासकडे नेली. भारतीय विमानसेवेचा पाया असा याच दोन शहरांमध्ये घातला गेला.

१९४७ मध्ये मधे सीमा आली. कराचीचा धर्मप्रांत १९४८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. तरीही नाते तुटले नाही. १९१८ मध्ये मुंबईत जन्मलेले जोसेफ कोर्डेरो १९५८ मध्ये कराचीचे महागुरुस्वामी आणि १९७३ मध्ये पाकिस्तानचे पहिले कार्डिनल झाले.

विमानांची वाट मात्र राजकारणाच्या हाती गेली. १९७१ च्या युद्धाने तुटलेला हवाई संपर्क १९७६ मध्ये पुन्हा जोडला गेला. २००२ च्या आरंभी तो परत खंडित झाला आणि २००४ मध्ये सुरू झाला. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. थेट विमान नसले की प्रवाशाने दुबईमार्गे जावे. म्हणजे ८८० ऐवजी सुमारे ३,१०० किलोमीटर आणि केवळ उड्डाणाचेच पाच तास. १९३२ च्या छोट्या विमानाला सबंध प्रवासास लागले सुमारे सव्वासात तास! दुबईच्या विमानतळावरील खोळंबा धरला, तर आजचा प्रवासी त्यापुढे गेलेला नाही. शिवाय व्हिसाची प्रतीक्षा वेगळीच.

ज्यांच्या आजी-आजोबांनी कराचीच्या मातीत विसावा घेतला, त्यांना या आकड्यांचा अर्थ आम्ही समजावून सांगायला नको. अंतर निसर्ग ठरवितो, अवधी माणसे ठरवितात. अशा घरांतून जुनी पत्रे, छायाचित्रे व बाप्तिस्म्याचे दाखले असतील, तर वाचकहो, ते जपून ठेवा आणि मुलांना दाखवा. आकाश बंद करता येते. आपल्या पूर्वजांची आठवण बंद करणे मात्र कोणत्याही सरकारच्या हाती नाही.