शिलरने राखलेली सोबत

जर्मनीतल्या येनात शिलर या कवीच्या बागेतल्या घरी लोक कवीसाठी येतात. मी वैद्यकाची विद्यार्थिनी. मला तिथे आठवतो तो स्टुटगार्टच्या अकादमीत डॉक्टरकी शिकणारा विशीतला शिलर. 1780 साली ग्रामाँ हा त्याचा सहाध्यायी खिन्नतेने पुरता खचला. त्याने शिलरकडे झोपेचं औषध मागितलं. शिलरने हेतू ओळखला, वरिष्ठांना कळवलं. पुढे त्याच्या सोबतीला राहून शिलर त्याच्या प्रकृतीचे अहवाल लिही. ती सोबत म्हणजे अकादमीची पाळतही होती, आणि ती मला खुपते. पण आधी रुग्णाचा विश्वास मिळवावा लागतो, हेही त्याच अहवालांत आहे.

तुमच्या वर्गातलं कुणी ग्रामाँसारखं खचून अबोल झालं असेल, तर आजच त्याच्याकडे जा, शिक्षकांनाही सांगा.