महाडमध्ये जास्त, पोलादपुरात कमी? किशोरवयीन मातांचा आकडा शेअर करण्याआधी हे वाचा

'अमुक तालुक्यात अल्पवयीन माता वाढल्या' अशी पोस्ट फिरली की कॉमेंटमध्ये लगेच त्या गावाचा आणि समाजाचा उद्धार सुरू होतो. पण तालुक्याचा आकडा तयार कसा होतो? रायगडमधल्या महाड आणि पोलादपूर या शेजारी तालुक्यांवरून ते समजून घेऊ.

आधी आकडा कशाचा आहे ते पाहू. किशोरवयीन जन्मदर म्हणजे 15 ते 19 वयाच्या दर हजार मुलींमागे वर्षभरातले जन्म. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) भारताचा दर 43 होता. बातम्यांत मात्र बहुतेकदा दुसरा आकडा असतो: या वयातल्या किती मुली आई झाल्यात किंवा गरोदर आहेत. तो देशात 6.8 टक्के, महाराष्ट्रात 7.6, तर त्रिपुरात 21.9 टक्के. दोन्हींत 18-19 वर्षांच्या मुलीही मोजल्या जातात, म्हणजे 'अल्पवयीन माता' हे हेडिंग तिथेच गंडतं.

राज्यातही जिल्ह्या-जिल्ह्यात मोठा फरक आहे. 20 ते 24 वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न 18 वर्षांआधी झालं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के होतं, परभणीत 48 आणि बीडमध्ये सुमारे 44 टक्के. ऊसतोडीची उचल 'कोयत्या'वर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न लवकर लावण्यामागे हा हिशेबही असतो.

पण हे सर्वेक्षण जिल्ह्यापाशी थांबतं. तालुक्यासाठी उरतात जन्मनोंदी आणि दवाखान्यांचे आकडे. खरी गडबड इथे आहे.

पोलादपूरची मुलगी, महाडची नोंद

1969च्या कायद्यानुसार जन्म जिथे झाला तिथेच नोंदवला जातो. 2011च्या जनगणनेत पोलादपूर तालुक्यात सुमारे 45 हजार लोक होते, महाडमध्ये सुमारे 1 लाख 80 हजार. मोठे दवाखाने अर्थातच महाडला. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरची अडलेली बाळंतीण महाडला हलवली की तो जन्म महाडच्या खात्यात पडतो. कमी वयातलं पहिलं बाळंतपण जोखमीचं धरतात, त्यामुळे अशा मुली पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता जास्तच.

त्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत. किशोरवयातलं बाळंतपण बहुधा पहिलंच असतं. म्हणजे लग्न करून मुंबईला गेलेली मुलगी मोजली जाते माहेरच्या भागात. उलट, दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबातली मुलगी तिकडेच बाळंत झाली, तर तिच्या वाडीच्या आकड्यात ती दिसतच नाही.

आणि आकडे लहान असतात. समजा, एका तालुक्यात या वयाच्या 2,000 मुली आहेत. वर्षात 20 जन्म झाले तर दर 10, पुढच्या वर्षी 30 झाले तर 15. दहा घरांतल्या घटनांवरून 'दीडपट वाढ' अशी बातमी होते. अशा ठिकाणी तीन-चार वर्षांची सरासरी पाहिलेली बरी.

सगळ्यात काळजीची गोष्ट वेगळीच आहे. मुलगी 18च्या आतली असेल तर पॉक्सो कायद्याखाली (2012) दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. नवऱ्यावर गुन्हा दाखल होईल या भीतीने घरचे वय वाढवून सांगतात किंवा दवाखानाच टाळतात. म्हणजे एखाद्या तालुक्याचा आकडा कमी दिसला तर तिथे मुली सुरक्षित आहेत, की लपलेल्या आहेत, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. लपलेली मुलगी तपासणीलाही येत नाही. माझ्या मते वाढलेल्या आकड्यापेक्षा हे जास्त गंभीर आहे.

उपाय फार दूर नाही. जन्मनोंदीच्या फॉर्ममध्ये आईचं राहण्याचं गाव, लग्नावेळचं वय आणि बाळंतपणावेळचं वय असे रकाने असतातच. गावनिहाय लावले तर चित्र बरंच बदलेल. तोवर पोस्ट टाकणाऱ्याला विचारा: हा तालुका बाळंतपण झालं तिथला, की आई राहते तिथला?

बालविवाह ठरतोय असं कळलं तर चाइल्डलाइनचा नंबर 1098. तो चोवीस तास सुरू असतो आणि मोफत आहे.