शिक्षकाची पगारी उमेदवारी

निवासी डॉक्टर म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. विद्यावेतनासाठी 'मार्ड'ने पुकारलेले संप वृत्तपत्रांतून सर्वांच्या परिचयाचे आहेत. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत मात्र 'निवासी शिक्षक'ही असतात आणि त्यांनाही विद्यावेतन मिळते.

हे शिक्षक शाळेत मुक्काम करीत नाहीत. नाव उसने आहे. १८८९ मध्ये बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम ऑस्लर यांनी तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच ठेवून, ज्येष्ठांच्या नजरेखाली घडवण्याची पद्धत रुजवली. शिक्षणक्षेत्राने हे नाव घेतले ते शंभराहून अधिक वर्षांनी.

कल्पना मात्र नावाहून जुनी आहे. १८४६ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स के-शटलवर्थ यांच्या पुढाकाराने 'विद्यार्थी-शिक्षक' योजना आली. तेरा वर्षांचा मुलगा वा मुलगी पाच वर्षांच्या करारावर मुख्याध्यापकाच्या हाताखाली उमेदवारी करी. सरकार पहिल्या वर्षी १० पौंड देई आणि ती रक्कम वाढत पाचव्या वर्षी २० पौंडांवर जाई. शिकवणाऱ्या मुख्याध्यापकालाही त्याचा वेगळा मोबदला होता. मजुराच्या घरातील मुलाला शिक्षक होण्याची वाट यामुळे खुली झाली. दोष तितकाच उघड होता: उमेदवार म्हणजे स्वस्त मनुष्यबळ, असा अर्थ लावण्याचा मोह शाळांना आवरणे कठीण होते.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन येथे देशातील पहिली सरकारी अध्यापनशाळा उघडली. पहिल्या दिवशी तेथे अवघ्या तीन विद्यार्थिनी होत्या. अशा संस्थांची पुढे महाविद्यालये झाली, महाविद्यालयांची विद्यापीठे झाली आणि शिक्षक घडवण्याचे काम शाळेपासून दूर गेले. शेवटच्या वर्षातील काही आठवडे सराव-पाठ घ्यायचे, तेही विनावेतन आणि वर विद्यापीठाचे शुल्क भरून, असा रिवाज पडला. ज्याच्या घरी तेवढे महिने निभावण्याची सोय नाही, तो या वाटेला जाईलच कसा?

येथे तेथील व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेत शाळा चालवतो तो स्थानिक शाळा-जिल्हा. बहुतेक ठिकाणी त्याचे मंडळ निवडून आलेले असते आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. म्हणजे शिक्षक घडवणार विद्यापीठ, नेमणार जिल्हा. दोघांचा परस्परांशी संबंध जेमतेम. श्रीमंत उपनगरांना चांगले शिक्षक मिळत. गरीब वस्त्यांतील शाळांच्या वाट्याला नवखे येत आणि ते फार काळ टिकत नसत.

ही कोंडी फोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९६३ मध्ये वॉशिंग्टन शहरात झाला. कृष्णवर्णीय वस्तीतील कार्डोझो हायस्कूलमध्ये 'पीस कोअर'मधून परदेशी सेवा करून परतलेल्या तरुणांना उमेदवार म्हणून घेण्यात आले. दिवसाचा काही भाग त्यांनी प्रत्यक्ष वर्ग घ्यायचे, उरलेल्या वेळात अनुभवी शिक्षकांसोबत त्या वर्गांची चिकित्सा करायची, हॉवर्ड विद्यापीठाचे अभ्यासक्रम पुरे करायचे आणि अध्यापनसाहित्यही स्वतः तयार करायचे. क्लीव्हलंडच्या शाळेत इतिहास शिकवणारे लॅरी क्यूबन येथे मार्गदर्शक शिक्षक म्हणून आले आणि पुढे प्रकल्पाचे संचालक झाले. अमेरिकी शिक्षणाचे इतिहासकार म्हणून आज ओळखले जातात ते हेच क्यूबन.

कार्डोझोचा प्रयोग सिनेटर गेलॉर्ड नेल्सन आणि एडवर्ड केनेडी यांनी उचलून धरला. त्यातून 'नॅशनल टीचर कोअर' उभे राहिले. त्याची तरतूद असलेल्या उच्च शिक्षण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ८ नोव्हेंबर १९६५ रोजी सही केली, ती टेक्सासमधील सॅन मार्कोस येथे, स्वतःच्या जुन्या महाविद्यालयात. याच महाविद्यालयात शिकत असताना, १९२८ मध्ये, त्यांनी कोटुला गावी मेक्सिकन-अमेरिकन मजुरांच्या मुलांना शिकवले होते. भाषणबाज राजकारण्यांच्या आठवणींवर सहसा विश्वास ठेवू नये, पण ही आठवण खरी होती.

कायदा झाला, पैसा मात्र लवकर सुटला नाही. केंद्र सरकार स्थानिक शाळांत आपली माणसे घुसवत आहे, ही काँग्रेसमधील अनेकांची तक्रार होती. १९६७ च्या दुरुस्तीने उमेदवार निवडण्याचे अधिकार स्थानिक जिल्ह्यांकडे व विद्यापीठांकडे गेले. योजना त्यानंतरही दीड दशक चालली, पण तिचे उद्दिष्ट वारंवार बदलत राहिले. रेगन प्रशासनाच्या काळात, १९८१ च्या कायद्याने, ती इतर योजनांसह एकत्रित अनुदानात विरून गेली.

पुढची वीस वर्षे या बाबतीत फारसे काही घडले नाही. मग २००१ मध्ये शिकागोत आणि २००३ मध्ये बॉस्टनमध्ये 'टीचर रेसिडेन्सी' सुरू झाली. बॉस्टनचे शाळा-अधीक्षक टॉमस पेझंट यांचा हिशोब सरळ होता: गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षण यांसाठी माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, तर जिल्ह्यानेच ती घडवावीत. उमेदवार आठवड्यातील चार दिवस एकाच मार्गदर्शकाच्या वर्गात राबे आणि शुक्रवारी स्वतः विद्यार्थी होई. वर्षाअखेरीस मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टन शाखेची पदव्युत्तर पदवी मिळे. विद्यावेतन बेताचेच होते. शुल्क कर्जाऊ असे, पण बॉस्टनच्या शाळांत तीन वर्षे शिकवले की ते माफ होई.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे 'शिक्षणसेवक' आठवेल. तीन वर्षांचा आकडा दोन्हीकडे आहे, पण व्यवस्था नेमकी उलटी. शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर पूर्ण वर्गाची जबाबदारी सांभाळतो. बॉस्टनचा उमेदवार जबाबदारी येण्यापूर्वी वर्षभर विद्यावेतनावर शिकतो आणि नंतर पूर्ण पगार घेतो.

याचा उपयोग झाला का? जॉन पेपे, टॉमस केन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रामाणिक म्हणावा असा आहे. सुरुवातीच्या काळात बॉस्टनचे हे शिक्षक गणितात इतर नवशिक्यांहून चक्क कमी पडले. मात्र त्यांची सुधारणा वेगाने झाली आणि चौथ्या-पाचव्या वर्षी त्यांनी अनुभवी शिक्षकांनाही मागे टाकले. पाचव्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी ७५ टक्के जिल्ह्यात टिकले होते. इतर नवशिक्षकांत हे प्रमाण ५१ टक्के होते. त्यांच्यात कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य समाजांतील शिक्षकही अधिक होते. वर्षभराच्या सरावाने पहिल्याच दिवशी पारंगत शिक्षक मिळतो, हा समज या आकड्यांनी मोडला. टिकून राहणारा शिक्षक मिळतो, एवढे मात्र दाखवले.

२००८ च्या केंद्रीय कायद्याने रेसिडेन्सीला अनुदानाची वाट दिली. अट तीच: एक वर्ष विद्यावेतन वा पगार, नंतर गरजू शाळेत तीन वर्षे सेवा, नाही तर पैसे परत. खर्चाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. देणगी वा अनुदान आटले की जिल्हे उमेदवारालाच बदली शिक्षक म्हणून वर्गावर उभे करून पैसा वाचवू पाहतात. १८४६ चा तो जुना मोह.

जानेवारी २०२२ मध्ये टेनेसी राज्याने एक पाऊल पुढे टाकले. क्लार्क्सव्हिल-माँटगोमेरी जिल्हा आणि ऑस्टिन पी विद्यापीठ यांची योजना केंद्रीय कामगार खात्याकडे नोंदवली गेली. वीजतंत्री आणि नळजोडणी कारागीर ज्या नोंदणीखाली पगारी उमेदवारी करतात, तिच्यातच आता शिक्षकही आहे.