पेट्रोल ट्रकचे ‘अ‍ॅव्हरेज’ : कार्ब्युरेटरच्या निवडीचा विस्मृतीत गेलेला इतिहास

१/ कोपरखैरणे स्थानकाला समांतर जाणाऱ्या ठाणे-बेलापूर रस्त्यावरून तुर्भ्याच्या बाजार समितीकडे रात्रंदिवस ट्रक धावत असतात. यांतील एकाही मालट्रकचे बॉनेट उघडले तरी आत कार्ब्युरेटर सापडणे अवघड. स्वातंत्र्याच्या सुमारास मात्र चित्र उलटे होते. तेव्हा मुंबई परिसरातील ट्रक प्रामुख्याने पेट्रोलवर चालत, आणि खेपेनंतर मालकाच्या हाती काय उरणार, हे बऱ्याच अंशी मुठीएवढ्या ओतीव भागावर ठरे. हा थ्रेड त्या भागाविषयी.

२/ हे ट्रक आले कोठून? फोर्डने १९२६ मध्ये मुंबईत बस्तान बसवले, तर जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. क्रायस्लरशी झालेल्या करारानुसार १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज ट्रक बाहेर पडू लागले. त्याच सुमारास महिंद्रांनी माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू केली. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर धावलेली एसटीची पहिली गाडीही बेडफर्डच होती.

३/ ही बहुतेक अमेरिकी-ब्रिटिश यंत्रे स्वस्त पेट्रोलच्या काळात आखलेली होती. अमेरिकेच्या सपाट महामार्गांसाठी घडवलेला कार्ब्युरेटर मुंबई-पुणे मार्गावर आला की त्याच्यासमोर बोरघाट उभा राहत असे.

४/ कार्ब्युरेटरचे काम सांगायला सोपे, साधायला कठीण. इंजिन हवा आत ओढते. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिचा दाब घटतो आणि बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल फवाऱ्यासारखे ओढले जाते. फ्लोट असलेला असा फवारा-कार्ब्युरेटर विल्हेम मायबाखने १८९३ मध्ये सिद्ध केला.

५/ पूर्ण ज्वलनासाठी १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. जास्तीत जास्त जोर हवा असेल तर मिश्रण दाट, म्हणजे १२.५ ते १३ च्या आसपास ठेवावे लागते. काटकसर साधायची तर ते १६ पर्यंत पातळ करता येते. त्यापुढे गेले की इंजिन अडखळते, तापते. जोर आणि काटकसर एकाच स्क्रूवर मिळत नाहीत, हे मेकॅनिकला पुस्तकाविनाही ठाऊक होते.

६/ म्हणून ‘कोणता कार्ब्युरेटर चांगला?’ हा प्रश्न मुळातच अपुरा होता. कोणत्या रस्त्यासाठी, किती ओझ्यासाठी, हे आधी विचारावे लागे. मोठ्या गळ्याचा कार्ब्युरेटर चढावर भरपूर हवा देतो, पण मंद गतीत हवेचा वेग इतका कमी पडतो की पेट्रोल नीट फुटत नाही. थेंब तसेच आत जातात आणि वाया जातात. लहान गळा सपाटीवर काटकसर करतो, घाटात दम तोडतो. त्यात खोपोली ते खंडाळा चढताना हवा विरळ होते आणि मिश्रण आपोआप थोडे दाट होते, ही आणखी एक गुंतागुंत.

७/ दावणीला काय लागलेले असे? समजा ट्रक लिटरला ४ किलोमीटर जातो. १६० किलोमीटरच्या खेपेला ४० लिटर लागतात. योग्य जेट बसवून तो ४.५ गेला, तर साडेचार लिटरहून थोडे कमी वाचते. महिन्याच्या खेपांनी गुणले की कर्जाचा हप्ता दिसू लागतो. पण लोभाने जेट फार लहान केले, तर लांब चढावर एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळत आणि वाचलेले सारे गॅरेजमध्ये जाई. (मराठीत या साऱ्याला ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘सरासरी’, पण आपल्या रस्त्यांवर तो गाडीचे चारित्र्य सांगतो.)

८/ येथे सोलेक्स या फ्रेंच घराण्याचे महत्त्व कळते. त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये गळ्याची नळी, मुख्य जेट आणि हवेचे जेट हे तिन्ही भाग सुटे, क्रमांक घातलेले आणि बदलता येण्याजोगे असत. जीपच्या २.२ लिटर इंजिनावर अमेरिकेत कार्टर कार्ब्युरेटर येई. भारतात त्याच्या जागी सोलेक्स रुळला, आणि तो मद्रासेत बनूही लागला. परकीय चलनाच्या टंचाईच्या दिवसांत सुटा भाग देशात मिळणे हीच अर्धी काटकसर होती. बंद पडून उभ्या असलेल्या ट्रकचे अ‍ॅव्हरेज कोण मोजणार?

९/ महायुद्धकाळात तर कार्ब्युरेटर जवळजवळ बाजूलाच सारला गेला. पेट्रोलचे रेशनिंग आले आणि बस-ट्रकांच्या पाठीवर कोळशाच्या गॅसच्या टाक्या चढल्या. गाडी पेट्रोलवर सुरू करायची आणि मग गॅसवर न्यायची. जोर बराच घटे आणि राखही साफ करावी लागे, तरी गाडी चालत राही.

१०/ या साऱ्या ओढाताणीत चमत्काराची आशा नसती तरच नवल. कॅनडातील चार्ल्स नेल्सन पोग याने १९३० च्या दशकात पेट्रोलची वाफ करणाऱ्या कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले. गॅलनला २०० मैलांच्या दाव्याची आख्यायिका आजही फिरते. ती टिकत नाही. चांगल्या स्थितीतील इंजिनात बहुतेक पेट्रोल जळतेच. ऊर्जेचा मोठा वाटा रेडिएटर आणि एक्झॉस्टमधून उष्णता होऊन निघून जातो, आणि त्यावर कार्ब्युरेटरचा इलाज चालत नाही.

११/ खरा पालट दुसरीकडून आला. १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक जमशेदपूरहून निघाले. डिझेल इंजिनात कार्ब्युरेटर नसतोच. पंप आणि इंजेक्टर इंधन थेट दाबून सोडतात. त्याच सुमारास, प्रत्यक्ष उत्पादनाच्या सरकारी अटीमुळे, फोर्ड आणि जनरल मोटर्स भारतातून निघून गेल्या.

१२/ १९७३ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षी ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल खुला झाला आणि मुंबईहून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीचा ठाण्याचा वळसा टळला. कोणत्याही जेटने वाचवले नसते इतके इंधन एका पुलाने वाचवले. त्याच वर्षाअखेर तेलसंकट आले आणि काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. पेट्रोल ट्रकचे गणित तेथे मोडले. महिंद्रांनीही पुढे प्यूजोच्या परवान्याने डिझेल इंजिने घेतली. ती इगतपुरीला बनत.

१३/ उरल्यासुरल्या पेट्रोल गाड्या आज हौशी लोकांच्या अंगणात आहेत, आणि त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न उलटा होऊन उभा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या ज्वलनाला हवा कमी लागते, १ किलोला सुमारे ९ किलो. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढेच इंधन गेले तरी मिश्रण पातळ पडते. आजोबांनी काटकसरीसाठी लहान केलेले जेट नातवाला व्हॉल्व्ह वाचवण्यासाठी एक क्रमांक मोठे करावे लागते, शिवाय जुन्या रबरी वॉशरही बदलाव्या लागतात.