नाण्याची तिसरी बाजू

खिशातले एखादे नाणे काढा आणि डोळे मिटून त्याची कड बोटाने चाचपा. नाण्याच्या दोन बाजू, छापा आणि काटा, आपल्याला पाठ असतात. तिसरी बाजू, म्हणजे कड, सहसा कोणी बघत नाही. काही नाण्यांची कड गुळगुळीत असते, तर काहींच्या कडेवर बारीक दाते असतात. शिवाय दोन्ही बाजूंना काठाशी किंचित उंच किनार असते. किनारीमुळे मधल्या चित्राची झीज कमी होते आणि नाणी एकावर एक नीट रचता येतात. आणि दाते कशासाठी? या छोट्याशा प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो, की तंत्रज्ञानाचा एक मोठा इतिहास हाती लागतो. त्यात यंत्रे करणारे कारागीर आहेत, त्या यंत्रांना विरोध करणारे कामगार आहेत आणि फासावर गेलेली माणसेही आहेत.

हातोडा आणि ठसा

भारतातील सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीचा पत्रा ठोकून पातळ करायचा, त्याचे तुकडे कापायचे, वजन जास्त भरले तर कोपरा छाटायचा आणि मग सूर्य, डोंगर, प्राणी अशी चिन्हे एकेका छिन्नीने त्यावर उमटवायची. चिन्हे स्वतंत्रपणे मारली जात, त्यामुळे ती एकमेकांवर चढलेली दिसतात.

पुढे ठशांची जोडी आली. एक ठसा खाली, लाकडाच्या ओंडक्यात किंवा ऐरणीत पक्का बसवलेला. त्यावर धातूची चकती ठेवायची, वरून दुसरा ठसा हाताने धरायचा आणि त्यावर हातोड्याचा घाव घालायचा. जगातील बहुतेक सर्व राज्यांची नाणी दोन हजार वर्षे अशीच पडली. शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई हे आपल्या ओळखीचे उदाहरण. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे. पण संग्रहालयात दहा शिवराया शेजारी शेजारी पाहिल्या, तर सगळी अक्षरे पूर्ण उमटलेली शिवराई क्वचितच सापडते. कुठे ‘श्री’ कडेबाहेर गेलेला असतो, तर कुठे ‘ति’. यात कारागिराचा आळस नाही. ठसा मोठा, चकती लहान आणि ठसा हाताने धरलेला. मग तो दर वेळी बरोबर मध्यावर कसा बसणार?

घावाखाली मऊ धातू चोहीकडे पसरतो. त्याला अडवणारे काही नसल्यामुळे कड वेडीवाकडी होते आणि दोन नाण्यांचा आकार कधीच तंतोतंत जुळत नाही. हाताने पाडलेल्या नाण्याचा खरा दुबळेपणा इथे आहे.

कातरीची कमाई

सोन्याचांदीच्या नाण्याची किंमत त्यातल्या धातूवर अवलंबून असे. कड मुळातच वाकडी असल्यामुळे कोणी कातरीने तिचा बारीकसा काप काढून घेतला, तर ते ओळखणार कसे? शंभर नाण्यांची कड थोडी थोडी कातरली, की मूठभर चांदी फुकट मिळे आणि नाणी पुन्हा बाजारात चालत.

म्हणून व्यवहारात सराफ आला. तो नाणे दगडावर वाजवून बघे, कसोटीवर घासे, काट्यात तोली. आपल्या भाषेत त्याच्या खुणा अजून आहेत. ‘खणखणीत नाणे’, ‘वाजवून घेणे’, ‘पारख करणे’ हे सगळे शब्दप्रयोग त्याच्या दुकानातले. झिजलेल्या किंवा परगावच्या नाण्यावर सराफ जी कपात करी, तिला बट्टा म्हणत. ‘नावाला बट्टा लागणे’ हे तिथूनच आले. पेशवाईत पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी रुपया असे अनेक रुपये एकाच वेळी चालत. टांकसाळी पुष्कळदा परवाना घेतलेल्या खाजगी कारागिरांकडे असत. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी राज्यातील चलन आणि टांकसाळी यांवर एक निबंधच लिहिला आहे. मोठा सावकार आपली नाणी पारखून घेऊ शके. बट्ट्याचा भार पडे तो शेतसारा भरणाऱ्या कुणब्यावर आणि आठवडी बाजारात मीठ-मिरची घेणाऱ्या बाईवर.

रूळ आणि मळसूत्र

यंत्राचा विचार युरोपात सोळाव्या शतकात पुढे आला. जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरात तयार झालेली यंत्रे फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याने विकत घेतली आणि १५५० नंतरच्या एक-दोन वर्षांत पॅरिसमध्ये ती बसवली. यंत्रे तीन प्रकारची होती. पत्रा सारख्या जाडीचा करण्यासाठी दोन रूळ, त्यातून गोल चकत्या कापण्यासाठी कातरयंत्र आणि ठसा उमटवण्यासाठी मळसूत्री दाबयंत्र. मळसूत्र म्हणजे स्क्रू. या स्क्रूच्या डोक्यावर आडवा दांडा असे आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना शिशाचे जड गोळे. माणसांनी दोर ओढून दांडा गरकन फिरवला, की गोळ्यांचा संवेग स्क्रूमार्फत ठशावर येऊन आदळे. एकाच दणक्यात छाप उमटे.

पण हातोड्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या कारागिरांनी जोरदार विरोध केला. पॅरिसमधील यंत्रे पुढे मुख्यतः पदकांपुरती उरली आणि फ्रान्समध्ये हातोड्याची नाणी बंद व्हायला १६४५ साल उजाडले. इंग्लंडमध्ये एलॉय मेस्ट्रेल या फ्रेंच कारागिराने १५६१ मध्ये लंडनच्या टांकसाळीत यंत्रावर सुबक नाणी पाडली. तिथेही विरोध झाला, १५७२ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले आणि १५७८ मध्ये खोटी नाणी पाडल्याच्या आरोपावरून त्याला फाशी देण्यात आली.

ऑस्ट्रियातील हॉल येथे वेगळी युक्ती निघाली. तिथे रुळांवरच ठसे कोरले. पाणचक्कीवर फिरणाऱ्या दोन रुळांमधून चांदीची पट्टी गेली, की ओळीने नाणी छापली जात. अशीच यंत्रे हॉलहून स्पेनला नेऊन सेगोव्हिया येथे नदीकाठी टांकसाळ उभारण्यात आली. १५८० नंतरच्या दशकात तिचे काम सुरू झाले. रुळांतून निघालेली नाणी किंचित वाकलेली असत. आज एखादे जुने नाणे टेबलावर डुगडुगले, तर त्यामागे हेही कारण असू शकते.

कडेचा प्रश्न मात्र अजून सुटला नव्हता. १६६२ मध्ये प्येर ब्लाँदो या फ्रेंच तंत्रज्ञाची लंडनच्या टांकसाळीत नेमणूक झाली. मोठ्या नाण्यांच्या कडेवर अक्षरे आणि लहान नाण्यांच्या कडेवर दाते उमटवण्याची कृती त्याने आणली, आणि ती त्याने गुप्त ठेवली. कडेवरच्या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘अलंकार आणि संरक्षण’ असा होता. दाते कशासाठी, याचे उत्तर हेच. कड कातरली तर दाते तुटतात आणि चोरी कोणालाही दिसते, त्यासाठी सराफाकडे जावे लागत नाही.

तरीही एक चूक झाली. जुनी कातरलेली नाणी चलनातून काढलीच नाहीत. मग लोकांनी नवी, पुऱ्या वजनाची नाणी घरात दडवली किंवा वितळवली आणि जुनी तेवढी बाजारात फिरवली. शेवटी १६९६ मध्ये सर्व जुनी चांदी परत घेऊन नव्याने नाणी पाडावी लागली. त्याच वर्षी टांकसाळीत अधिकारी म्हणून रुजू झालेल्या गृहस्थाचे नाव आयझॅक न्यूटन. गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडणाऱ्या न्यूटनने नकली नाणी पाडणाऱ्यांचा जातीने पाठलाग केला. त्यांपैकी विल्यम चॅलोनर हा १६९९ मध्ये फासावर गेला.

गरिबाचे नाणे

सोन्याचांदीची काळजी सरकारने घेतली, पण तांब्याकडे दुर्लक्ष केले. मजुराची मजुरी, पावाची किंमत, टोलनाक्याचे पैसे हे सर्व व्यवहार तांब्यात होत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तांब्याच्या नकली नाण्यांचा सुळसुळाट झाला. टोलनाक्यावर परत मिळणाऱ्या अर्ध्या पेन्यांपैकी सरासरी दोन तृतीयांश नकली असतात, अशी तक्रार बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथील कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने १७८९ मध्ये केली होती. त्याच वर्षी मार्च महिन्यात कॅथरीन मर्फी या स्त्रीला नकली नाणी पाडल्याबद्दल लंडनमध्ये आधी फाशी देऊन नंतर जाळण्यात आले. अशी शिक्षा झालेली ती इंग्लंडमधील शेवटची स्त्री. पुढच्या वर्षी कायदा करून ही शिक्षा बंद झाली. इतक्या क्रूर शिक्षेनेही नकली नाणी थांबली नव्हती.

बोल्टनने वेगळा मार्ग धरला. नाणे इतके चांगले करायचे, की चोरट्या भट्टीत त्याची नक्कल करणे परवडूच नये. वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा करणारा जेम्स वॉट त्याचा भागीदार होता. १७८८ मध्ये सोहोच्या टांकसाळीत एका इंजिनावर आठ मळसूत्री यंत्रे चालू लागली. चकतीभोवती पोलादी वलय ठेवण्याची कल्पना जुनी होती. बोल्टनने ती रोजच्या कामात आणली. दणका बसला की धातू वलयापर्यंतच पसरतो, त्यामुळे प्रत्येक नाणे पूर्ण गोल आणि एकाच व्यासाचे होते.

ब्रिटिश सरकारचे काम मिळायला बोल्टनला १७९७ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी निघालेली त्याची पेनी बरोबर एक औंस वजनाची होती. दुकानदार ती वजन म्हणून तागडीत टाकू शके.

चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी या टांकसाळीचे कौतुक करताना लिहिले आहे, की दहा-बारा वर्षांची चार मुले तिथे तासाला तीस हजार गिन्या पाडू शकतील. त्यांना हे यंत्राचे मोठेपण वाटले. शाळेत असायला हवी होती ती मुले ठशांच्या दणदणाटात उभी होती, हे वाक्य वर्गात वाचताना आपल्याला विसरता येणार नाही.

बर्मिंगहॅमहून मुंबईला

मधल्या काळात बोल्टनला ज्यांनी काम दिले, त्यांत ईस्ट इंडिया कंपनी होती. १७९१ साल घातलेली मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी सोहोत तयार होऊन जहाजाने इकडे आली. त्यांच्या एका बाजूला कंपनीचे व्यापारी चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि तराजूच्या दोन पारड्यांमध्ये फारसी लिपीत न्याय या अर्थाचा शब्द. ‘आदिलशाही’ या नावातला शब्द त्याच धातूपासून झालेला आहे. ओबडधोबड पैसे पाहायची सवय असलेल्या बाजारात ही एकसारखी गोल नाणी आली, तेव्हा एक नाणे दुसऱ्यावर ठेवले तर कडेला कड जुळत होती.

पुढे नाण्यांऐवजी यंत्रेच आली. मुंबईच्या कोट भागात मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली १८२४ ते १८२९ या काळात नवी टांकसाळ बांधली गेली आणि तिथे वाफेवर नाणी पडू लागली. याच सुमारास कलकत्त्यातही तशीच टांकसाळ झाली. ही यंत्रे हाती आल्यावरच १८३५ चा कायदा अमलात आणता आला. सर्व इलाख्यांसाठी एकच रुपया ठरला: वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. गावोगावचे रुपये हळूहळू मोडीत निघाले आणि बट्टाही गेला. मात्र त्याबरोबर देशी टांकसाळींचे कारागीर बेकार झाले आणि नाण्यावर परक्या राजाचा चेहरा आला. एकाच यंत्राने दिलेली ही दोन्ही फळे होती.

कोपराचा जोर

मळसूत्री यंत्राचा दणका मोठा असे, त्याने ठसे लवकर तडकत. जर्मनीतील डीट्रिश ऊलहॉर्न याने १८१७ मध्ये दणक्याऐवजी दाब वापरणारे यंत्र केले. दोन दांडे कोपरासारखे जोडलेले. वाकलेला कोपर सरळ होत आला, की शेवटच्या टप्प्यात हालचाल अगदी थोडी पण जोर प्रचंड मिळतो. उकिडवे बसून डोक्यावर ओझे घेतले, तर उठताना सुरुवातीला जड जाते आणि पाय जवळजवळ सरळ झाल्यावर तेच ओझे सहज पेलते. तत्त्व हेच. आजच्या वेगवान यंत्रांतही कोपराचा हा जोड आढळतो. आता ती विजेवर चालतात आणि मिनिटाला सात-आठशे नाणी पाडतात.

वर्गात करून पाहा

१. घट्ट मळलेल्या कणकेची गोळी पाटावर ठेवून वरून नाणे दाबा. कणीक कडेने वेडीवाकडी बाहेर येईल. ही झाली शिवराई. आता नाणे जेमतेम आत जाईल अशा नळीचा छोटा तुकडा घ्या. तेवढीच गोळी त्यात घालून नाण्याने दाबा. ही झाली बोल्टनची पेनी. दोन्हींचा व्यास चार-चार वेळा मोजून तक्ता करा.

२. एकाच मालिकेतील दहा नाणी सोनाराच्या काट्यावर एकेक करून तोला. वजनात किती फरक पडतो? तो झिजेमुळे असेल का? नाण्यावरील सालाशी ताडून पाहा.

३. नाण्यावरील सालाच्या खाली भिंगाने पाहा. चौकटचे चिन्ह असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. आपल्या गावात कुठली नाणी जास्त फिरतात, ते मुलांना मोजू द्या.

आजच्या नाण्यात चांदी नाही. पोलादाची कड कातरून कोणालाच काही मिळणार नाही. तरीही दाते टिकून आहेत, कारण त्यांना दुसरे काम मिळाले आहे: ज्याला दिसत नाही, त्याला ते बोटांनी नाणे ओळखायला मदत करतात. म्हणून हा पाठ संपवताना मुलांना पुन्हा एकदा डोळे मिटायला सांगा, हातावर चार वेगवेगळी नाणी ठेवा आणि विचारा: यांत रुपयाचे कोणते, पाचाचे कोणते आणि दहाचे कोणते? जे नाणे ओळखता येणार नाही, ते का ओळखता आले नाही, यावर मुलांशी चर्चा करा. पुढचे नाणे कसे असावे, हे मुलेच सांगतील.