उस्तादाचा हात, सरकारचा कागद

मुंबईच्या मुसलमानांचा इतिहास लिहिताना आपण दर्गे, मशिदी, शायर आणि पुढारी शोधतो. फिटर, टर्नर, वेल्डर यांना त्या इतिहासात जागा नसते. खरे तर दीडशे वर्षे हा समाज पोट भरत आला तो याच हातांवर. म्हणून आज थोडे भायखळ्याबद्दल.

1853 साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. 1854 साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये गिरणी सुरू झाली. इंजिने आणि साचे विलायतेहून आले, पण ते रोज दुरुस्त करणारी माणसे इथेच घडवावी लागली. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात वसले आणि हातमागाची ओळख असलेली त्यांची बोटे गिरणीच्या मागावर गेली. शिकायची पद्धत मात्र जुनीच राहिली. उस्ताद काम करणार, शागीर्द बघणार. आधी हत्यारे पुसायची, मग पकडायची, मग चालवायची.

या पद्धतीला शाळेची जोड मिळाली 1887 मध्ये. त्या साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, म्हणजे आजची व्हीजेटीआय. 1923 मध्ये माटुंग्याला जाण्याआधी ती भायखळ्यातच होती. मुसलमान समाजात शिक्षणाची चळवळ 1874 मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामने चालवली. तिचे एक आधारस्तंभ बद्रुद्दीन तय्यबजी बॅरिस्टर होते आणि सुरुवातीचा भर शालेय शिक्षणावर होता. तंत्रशिक्षणाची मोठी संस्था यायला 1936 उजाडले. हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाची ही संस्था भायखळ्यात उभी राहिली. 1958 मध्ये तिथे पॉलिटेक्निक झाले, 1984 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय. कोणत्याही धर्माच्या मुलाला तिचे दार उघडे राहिले, हेही सांगायला हवे.

अशा शाळेने नवीन काय दिले? हात तर उस्तादही तयार करत होता. शाळेने ड्रॉइंग वाचायला शिकवले, माप लिहायला शिकवले आणि शेवटी एक प्रमाणपत्र दिले. ही गोष्ट आपल्या परंपरेला परकी नाही. कुरआनात हजरत दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे आणि चिलखत बनवताना कड्या मोजून-मापून जोडण्याची आज्ञाही तिथेच आहे. 1206 मध्ये अल-जझरीने आपल्या यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला, तो आकृत्या आणि मापांसह. दुसऱ्या कारागिराला ते यंत्र पुन्हा बनवता यावे, हा त्यामागचा विचार. आपण अल-जझरीचे नाव अभिमानाने घेतो आणि गॅरेजमधल्या पोराच्या हाती वही देत नाही.

स्वातंत्र्यानंतर कागदाचे महत्त्व वाढतच गेले. 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआय वाढल्या. 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. दोन्ही पावले योग्यच होती. कारखान्यात उमेदवारी करणाऱ्याला विद्यावेतन आणि हक्क मिळाले. पण फिटरसारख्या ट्रेडला दहावी लागते. आठवीत शाळा सोडून गॅरेजला लागलेला मुलगा हातात कितीही हुनर असले तरी दाराबाहेरच राहिला. 2006 च्या सच्चर समितीने नेमके यावर बोट ठेवले आणि आयटीआय प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणण्याची शिफारस केली. पुढे 2015 च्या कौशल्य विकास योजनेत, काम करत शिकलेल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली. आपल्या किती मोहल्ल्यांत ती माहीत आहे?

भाषेची अडचण तर मी वर्गात रोज पाहतो. उर्दू माध्यमाचा मुलगा वर्तुळाचा 'कुत्र' शिकतो, मराठी पुस्तकात तोच 'व्यास' असतो आणि वर्कशॉपमध्ये सगळे 'डाया' म्हणतात. मुलाला गणित येत असते, पण तीन शब्दांची एकच वस्तू आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. मग आयटीआयचे पुस्तक उघडले की तो घाबरतो. आठवी-नववीतच हे तीन शब्द शेजारी-शेजारी लिहून दिले तर त्याला खर्च काहीच नाही.

आपल्या घरांत इंजिनिअर मुलाचे पेढे वाटले जातात आणि टर्नर मुलाचे काम हळू आवाजात सांगितले जाते. दहावी नापास झाला म्हणून लेथवर पाठवला, असे आपण म्हणतो. ज्या समाजाने लोखंडाला आकार देणाऱ्या पैगंबराला मानले, त्याने मेहनतीच्या कामाला शिक्षा समजावे हे विचित्र आहे. मुलगा गॅरेजला जात असेल तर जाऊ द्या, पण दहावीचा फॉर्म भरून. उस्तादाचे हुनर कमी लेखू नका आणि कागदही सोडू नका. 1936 मध्ये भायखळ्यात हेच ओळखले गेले होते.