जुनी इमारत विकताना

मुंबईत एखादी जुनी तीनमजली इमारत विक्रीस निघाल्याचे वृत्त कानी आले, की आमच्या समाजातील वडीलधारी मंडळी हळवी होतात. ही हळहळ आम्हांस समजते. तथापि अशा वेळी विकले जाते ते नेमके काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. आणि त्याचे उत्तर गावदेवीच्या इतिहासात सापडते.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. तदनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या मोकळ्या करून नवे भूखंड पाडले. गावदेवीचा भाग त्यांपैकीच. नोकरीनिमित्त कानडा जिल्ह्यांतून आलेल्या चित्रापूर सारस्वत कुटुंबांना एकेकट्याच्या पगारात घर बांधणे अशक्य होते. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावे सहकारी पतपेढी उभी केलीच होती. १९०४ चा सहकारी कायदा पतसंस्थांपुरताच होता. १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांना वाट मोकळी झाली, आणि १९१५ साली गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था जन्मास आली. देशातील अगदी आरंभीच्या गृहसंस्थांत तिची गणना होते.

इंग्लंडात ईलिंग येथे १९०१ पासून रुजलेल्या तत्त्वाशी तिची घडण जुळते. जमीन व इमारत संस्थेची. सभासद एकाच वेळी भागधारक आणि भाडेकरू. भाडे देणारा तोच, आणि कारभार पाहणाराही तोच.

म्हणून अशा संस्थेतील सभासद ‘खोली विकली’ असे म्हणतो, तेव्हा वस्तुतः तो आपले भाग व राहण्याचा हक्क दुसऱ्याच्या हवाली करतो. इमारत पाडून नवी उभारणे हा मात्र सर्वांचा निर्णय. महाराष्ट्र शासनाच्या २०१९ च्या निर्देशानुसार त्यास एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. उरलेल्यांत बहुधा वृद्ध, एकाकी माणसेच असावयाची. नवे घर मिळेपर्यंत त्यांनी राहावे कोठे, वाढता मासिक खर्च त्यांनी सोसावा कसा, याचा लेखी बंदोबस्त सहीपूर्वीच झाला पाहिजे. बहुमत कायद्यास पुरते; सहकारास पुरत नाही.

देवालयाची मिळकत महाजनांनी सांभाळावयाची असते, वाटून घ्यावयाची नसते, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. वास्तू मागे राहिली, परंतु पूर्वजांनी देव आणि कुळावी दोहोंना सोबत नेले. जुन्या भिंती पडावयाच्या असतील तर पडोत. त्यांच्या आड राहिलेले एकही माणूस मागे राहू नये, एवढेच आमचे मागणे.